उलट्या फलकांखालची गाणी

हानपो पाणकावळे हरत होते यात नवीन काहीच नव्हतं. दानबी बालवाडीत होती तेव्हाही ते हरत होते, आणि ती हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षात पोचली तरी त्यांनी ही सवय सोडली नव्हती. फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीच्या तक्त्यात बुडी मारून तळाशी जाऊन बसायचं आणि मोसम संपेपर्यंत वर यायचं नाही. खरा पाणकावळा निदान मासा घेऊन तरी वर येतो, असं बंदरावर म्हणत. हा विनोद हानपोच्या माणसाने केला तर सगळे हसत. बाहेरच्याने केला तर त्याला उरलेला सामना उभ्यानेच बघावा लागे, कारण तेवढ्यात त्याच्या खुर्चीवर कोणीतरी मासळीच्या सुपाचा पेला उपडा केलेला असे.

तर हरण्याचं कोणाला काही नव्हतं. पण चुसकच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या सुट्टीत, घराघरांत तांदळाचे गोड सोंगप्यन वाफवून झालेले आणि पाहुणे पोट धरून लोळत पडलेले असताना, संघाच्या मालकांनी बातमी फोडली. मालक म्हणजे हानपोतलीच शीतगृहांची कंपनी. संघ आता सेब्योलला जाणार, असं तिने जाहीर केलं. सेब्योल म्हणजे राजधानीला खेटून नव्यानेच उभारलेलं शहर, जिथे रस्त्याकडेच्या झाडांना अजून बांबूंचे टेकू आहेत. तिथे नवं कोरं स्टेडियम तयार होतं, त्यात खेळायला कोणीतरी हवं होतं. नाव बदलणार, रंग बदलणार, पाणकावळा तर जाणारच. लीगची परवानगी तेवढी बाकी होती, आणि ती मोसमाच्या शेवटी मिळेल याबद्दल कंपनीला काडीचीही शंका नव्हती.

दानबीच्या हातातला सोंगप्यन हातातच राहिला. हिला काय एवढं झालं ते घरच्या पाहुण्यांना कळेना. कळणार कसं? वर्गात हजेरी देताना जिचा आवाज पुढच्या बाकापर्यंतसुद्धा पोचत नसे, अशी ही मुलगी. गोलमागच्या लोखंडी स्टँडमध्ये, ‘भरती’ नावाच्या समर्थकांच्या टोळक्यात उभी राहून ती पहिल्यांदा मोठ्याने ओरडली, आणि आपल्याला आवाज आहे हे तिला तिथे कळलं. गेल्याच वर्षीची गोष्ट. तेव्हापासून ती वर्गात हात वर करून प्रश्न विचारू लागली होती, दुकानात चुकीचं सामान दिलं तर परत करू लागली होती, इतकंच काय, वर्गातल्या सगळ्यात आगाऊ मुलीला “तू आधी तुझं बघ” असंही म्हणून आली होती. ती जागाच उचलून कोणी टेकूच्या झाडांच्या गावी नेणार म्हणजे काय? ते तिला मान्य नव्हतं. तिने तसं ठरवूनच टाकलं: पाणकावळे कुठेही जाणार नाहीत.

ठरवणं सोपं होतं. भरतीची बैठक नूडल्सच्या दुकानात भरली आणि तिथे प्यो अज्जोशींनी, म्हणजे प्यो काकांनी, जे सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलं, कारण प्यो अज्जोशींचं न ऐकणं शक्यच नव्हतं. ते बंदरावर मासळीचा लिलाव पुकारत. सकाळी त्यांनी बांगड्याचा भाव पुकारला की डोंगरावरच्या शाळेतली मुलं जागी होत. सामन्याच्या दिवशी हाच आवाज ते भोंग्यात घालत आणि स्टँडसमोरच्या लाकडी चौथऱ्यावरून गाणी सुरू करत. संघाच्या मालकांवर राग असला की फलक उलटे टांगायचे आणि तोंड मिटून घ्यायचं, ही समर्थकांची जुनी रीत. अज्जोशींच्या मते या वेळी तेवढ्याने भागणार नव्हतं. फलक उलटे टांगायचे, आणि स्टँडमध्ये कोणी पाऊलच टाकायचं नाही. गोलमागे एकही माणूस नको. कळू दे त्यांना.

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात दानबीच्या होत्या. दुसऱ्याच दिवशी अज्जोशींनी कंपनीच्या फाटकासमोर कॅमेऱ्यांदेखत सांगून टाकलं, की कंपनी आपला अर्ज मागे घेत नाही तोवर माझं पाऊल त्या मैदानात पडणार नाही.

तो सामना दानबीने फाटकाबाहेर मासळीच्या वड्यांचं सूप पीत काढला. सगळी भरती बाहेर होती आणि आत स्मशानशांतता. इतकी की गोलरक्षक आपल्या बचावपटूंना हाका मारत होता त्या बाहेर रस्त्यावर ऐकू येत होत्या. पाणकावळे सपाटून हरले. तरी बाहेर सगळ्यांच्या छात्या फुगलेल्या. कशी जिरवली, असं जो तो दुसऱ्याला सांगत होता, आणि ढोल वाजवणारी मोरान ओन्नी, भरतीतल्या पोरींची ताई, जी एरवी दवाखान्यात नर्स असते आणि कोणालाही फारसं जवळ करत नाही, तिनेही दानबीच्या पाठीवर थाप मारली.

जिरली ती त्यांचीच. त्याच संध्याकाळी बातम्यांत कंपनीचा व्यवस्थापक आला. नीटनेटका माणूस, हसरा. त्याने काही आरडाओरडा केला नाही, एक फोटो तेवढा दाखवला. गोलमागचा आख्खा स्टँड, रिकामा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक माणूस नाही. फलक त्या फोटोत हुशारीने कापलेले. हानपोने आपला निर्णय दिलेला आहे, असं तो म्हणाला, आणि आम्ही हानपोच्या निर्णयाचा आदर करतो.

माकडाच्या हाती कोलीत दिलं होतं त्यांनी, तेही चांगलं पेटवून.

पुढच्या बैठकीत नूडल्स गार झाल्या तरी कोणी तोंड लावेना. मोसमाचा एकच घरचा सामना उरला होता, आणि त्याला लीगची माणसं स्वतः येणार होती. हानपोला खरंच संघ नको आहे का, ते डोळ्यांनी बघायला. आत जायचं की नाही यावर नुसता कालवा चालला होता. तरुणांचं म्हणणं, जाऊ या. म्हाताऱ्यांचं म्हणणं, शब्द म्हणजे शब्द. आज आत गेलो तर कंपनी म्हणेल, बघा, आले शेपूट घालून. दानबीचे अप्पा, जे बंदरावर बर्फाचा ट्रक चालवतात आणि वर्षातून मोजकी वाक्यं बोलतात, त्यांनी त्यातलं एक वाक्य इथे खर्च केलं. ते म्हणाले, प्यो दादा बाहेर तर मी बाहेर. आणि प्यो अज्जोशी? ज्यांचा आवाज डोंगरावर जातो ते मान खाली घालून वाडग्यात बघत बसले होते.

दानबीला रात्रभर तो एकटा गोलरक्षक आठवत राहिला. सकाळी शाळेआधी ती बंदरावर गेली. लिलाव संपला होता. अज्जोशी नळाखाली रबरी बूट धूत होते, आणि नको इतके धूत होते.

“अज्जोशी, रविवारी लीगची माणसं येणार.”

“कळलंय.”

“स्टँड रिकामा दिसला तर संघ गेला.”

“तेही कळलंय. मी काय खुळा आहे?”

“मग आत चला ना.”

अज्जोशींनी नळ बंद केला. लिलावात बोट वर केल्यावर एखादा म्हणाला की मी नुसता कान खाजवत होतो, तर त्याचं पुढे काय होतं, असं त्यांनी तिला विचारलं. दानबी बंदरावरच वाढलेली. उत्तर तिला ठाऊक होतं. अशा माणसाला दुसऱ्या दिवसापासून कोणी कोळंबीचं शेपूटसुद्धा दाखवत नाही.

“मी सगळ्या गावासमोर बोट वर केलंय, पोरी. आता कान खाजवत होतो म्हणू?”

गेल्या वर्षीची दानबी असती तर ती वाकून नमस्कार करून शाळेला निघून गेली असती. ही गेली नाही. तिथेच ओल्या फरशीवर उभी राहिली, आणि बोलता बोलता तिला काय म्हणायचं आहे ते तिचं तिलाच सापडत गेलं.

“तुमचं भांडण कंपनीशी आहे ना? मग फलक राहू देत उलटे. शेवटपर्यंत उलटे. पण गाणी काय कंपनीची आहेत? पोरं तिथे एकटी खेळत होती, अज्जोशी. त्यांनी आपलं काय घोडं मारलंय?”

“उलट्या फलकाखाली कोणी गातं का? राग धरायचा तर नीट धरावा. घरात भांडून उपाशी झोपायचं आणि मध्येच उठून भात खायचा, याला काय अर्थ?”

“मी तसंच करते,” दानबी म्हणाली. “भांडते पण आणि जेवते पण. उपाशीपोटी फार वेळ भांडता येत नाही.”

अज्जोशींना हसायचं नव्हतं, पण हसू आलं. ते खोकल्यात ढकलून त्यांनी विचारलं, की मग भोंगा कोण धरणार. मी, असं दानबी म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर घाबरली.

“तू? तुझा आवाज समुद्रपाखराच्या पिल्लासारखा आहे. आणि चौथऱ्यावर उभं राहणाऱ्याला सामना दिसत नाही, माहीत आहे ना? तोंड माणसांकडे, पाठ मैदानाकडे. इतक्या वर्षांत मी घरचा एक गोल पाहिलेला नाही.”

“तसे फार झालेही नाहीत.”

आता मात्र ते मोकळेपणी हसले. मग बूट खुंटीला अडकवता अडकवता, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतोय अशा सुरात, त्यांनी तिला एक गोष्ट सांगितली. पुढच्या रांगेकडे बघून ओरडायचं नाही, पुढची रांग गातेच. सगळ्यात मागे जो खिशात हात घालून उभा असतो ना, आवाज त्याला द्यायचा. पण रविवारी मी येणार नाही, हेही त्यांनी पुन्हा बजावलं.

मग जी काही धावपळ झाली ती विचारू नका. मोरान ओन्नीने दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला औषधाच्या पुडीबरोबर रविवारच्या सामन्याची वेळ सांगितली. रक्तदाब वाढलेल्यांनाही सांगितली, जे खरं तर बरोबर नव्हतं. दानबी शाळेच्या जेवणघरात बाकावर चढली. ट्रेमधलं किमची सांडू नये म्हणून एक हात तसाच धरून ती बोलली, की फुटबॉल आवडत नसला तरी या, संघ वाईट आहे तरी या, पण हानपोला काही नको आहे हे कंपनीतल्या माणसाने ठरवायचं आणि आपण भात चावत बसायचं, हे चालणार नाही. काही मुलं हसली. गणिताच्या मास्तरांनी तिला खाली उतरायला सांगितलं. ती वाक्य पूर्ण करून उतरली.

रविवारी ऊन होतं आणि वारा बोचरा. गोलमागे फलक लागले, सगळे उलटे. फाटकावरच्या पहारेकऱ्याने दोनदा येऊन विचारलं, चुकून लागलेत का. भरतीतले तरुण आले, शाळेची मुलं आली, बंदरावरच्या बायका आपले रबरी हातमोजे कमरेला खोचून थेट कामावरून आल्या. तरी स्टँड पुरता भरला नव्हता. मधल्या भागात माणसं, आणि दोन्ही टोकांना थंडगार लोखंड. समोरच्या मुख्य स्टँडमध्ये राखाडी कोटातली लीगची माणसं येऊन बसली होती.

दानबी चौथऱ्यावर चढली, मैदानाकडे पाठ केली आणि भोंगा तोंडाशी नेला. भोंग्याने आधी एक किंकाळी फोडली. मुलं खिदळली. तिने पहिलं गाणं सुरू केलं. पहिल्या दोन रांगा गायल्या, तिसरी पुटपुटली, आणि गाणं तिथेच बसलं, ओल्या पतंगासारखं. मोरान ओन्नीने ढोल वाजवत ठेवला, पण नुसत्या ढोलाने काय होतं. दानबीने तीच ओळ पुन्हा सुरू केली, आणि ती पुन्हा तिसऱ्या रांगेतच बसली.

तेवढ्यात तिला शेवटच्या रांगेत गणिताचे मास्तर दिसले. गळ्याभोवती मफलर, दोन्ही हात खिशात, आपण इथे चुकून आलोय असा चेहरा. दानबीने सगळ्यांना सोडलं आणि मास्तरांना धरलं. पहिली ओळ त्यांच्याकडे फेकली. मास्तरांनी मागे वळून पाहिलं, मागे कोणी नव्हतं. दुसरी ओळ पुन्हा त्यांच्याकडे. मास्तर लाल झाले. मुलांच्या लक्षात आलं तशी सगळी शाळा मागे वळून त्यांच्याकडे बघू लागली. तिसऱ्या वेळी मास्तरांनी एक हात खिशातून काढला आणि अगदी बेसूर, पण खणखणीत, उत्तराची ओळ म्हटली. मग काय, ज्या शाळेत मास्तर गातात तिथे मुलं कशी गप्प राहतील?

स्टँड उठला. आणि त्या उठलेल्या स्टँडच्या वर, मागच्या भिंतीपलीकडे जो चढाचा रस्ता बंदराकडे जातो तिथे, दानबीला अप्पांचा बर्फाचा ट्रक दिसला. ट्रकच्या टपावर प्यो अज्जोशी उभे होते. बाजूला भरतीतले सगळे म्हातारे, कोणी टपावर, कोणी शिडीवर, कोणी कठड्यावर. एकाचंही पाऊल मैदानात नव्हतं. शब्द शाबूत होता.

अज्जोशींचं तोंड मैदानाकडे होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते सामना बघत होते, आणि दानबीला न दिसणारा सगळा सामना त्यांच्या चेहऱ्यावर चालला होता. भुवया वर गेल्या: चेंडू आपल्याकडे. गाल फुगले: कोणीतरी पुढे धावतोय. मग दोन्ही हात डोक्यावर. मैदानापलीकडच्या, पाहुण्या संघाच्या कोपऱ्यातून आरोळी उठली तेव्हा दानबीला कळलंच होतं, की एक गोल चढला. मध्यंतरानंतर दुसराही चढला. अज्जोशी टपावर येरझाऱ्या घालू लागले. अप्पा खालून त्यांचा घोटा धरून उभे. शेवटी त्यांना राहवलं नाही, आणि लिलावाचा तो आवाज, भोंग्याशिवाय, भिंतीवरून थेट आत आला:

“असे खेळतात हे? ह्यांच्यासाठी मी माझा घसा फाडला?”

आख्खा स्टँड गर्रकन मागे वळला आणि फुटला. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. मास्तर मफलरने डोळे पुसत होते. हसून हसून सगळ्यांचे घसे मोकळे झाले होते, आणि हीच वेळ आहे हे दानबीला कोणी सांगावं लागलं नाही. तिने भोंगा खाली ठेवला, आणि नुसत्या आवाजाने, ट्रकच्या टपाकडे बघत, भरतीचं सगळ्यात जुनं गाणं सुरू केलं. एक ओळ तिची. क्षणभर वारा. आणि मग भिंतीपलीकडून दुसरी ओळ आली, म्हाताऱ्या घशांची, जाड आणि खरखरीत. तिसरी आतून. चौथी बाहेरून. आतली आणि बाहेरची माणसं एकमेकांना गाणं देत होती आणि मध्ये भिंत होती, तरी ते एकच गाणं होतं. राखाडी कोटातला एक जण उठून उभा राहिला, हे दानबीला नंतर मोरान ओन्नीने सांगितलं. त्याने आधी उलट्या फलकांचा फोटो काढला, मग गाणाऱ्यांचा, मग मान तिरपी करून ट्रककडे बराच वेळ बघत राहिला.

कॉर्नरवरून पाणकावळ्यांनी एक गोल केला. दानबीने तो पाहिला नाही. तिने बघितलं ते एवढंच, की बंदरावरच्या बायकांचे रबरी हातमोजे एकदम हवेत उडाले, आणि अज्जोशींनी अप्पांना टपावर ओढून घेऊन उचललं, अप्पांना, जे लग्नातसुद्धा नाचले नव्हते.

सामना ते हरलेच. पाणकावळेच ते. पण शिट्टी झाली तरी गाणं थांबलं नाही, हरलेले खेळाडू रांगेने गोलमागे आले तरी थांबलं नाही. खेळाडू वर टांगलेल्या उलट्या फलकांकडे बघत, खाली गाणाऱ्या माणसांकडे बघत. यातलं नेमकं कोणतं खरं हे त्यांना कळेना. मग कर्णधाराने कंबरेत वाकून नमस्कार केला आणि सगळे वाकले. गोलरक्षक मात्र पुन्हा एकदा वाकला. स्टँडच्या वर, ट्रकच्या दिशेने.

लीगचा निर्णय आठवड्याने आला. या वर्षी परवानगी नाही. हानपोत पाठिंबा नाही असं म्हणता येत नाही, एवढंच कोरडं वाक्य. कंपनी पुढच्या मोसमात पुन्हा अर्ज करू शकेल. व्यवस्थापक बातम्यांत आला, तसाच हसरा, आणि आम्ही पुन्हा अर्ज करणार असं म्हणाला.

नूडल्सच्या दुकानात सोजूच्या बाटल्या उघडल्या, दानबीला बार्लीचं पाणी मिळालं. कोणी म्हणालं जिंकलो. मोरान ओन्नी म्हणाली, जिंकलो कुठे, अजून हरलो नाही एवढंच. आणि पाणकावळ्यांच्या हिशेबात तेही काही कमी नाही. दानबीने लगेच मार्चमधल्या पहिल्या घरच्या सामन्याचं काढलं. या वेळी दोन्ही टोकं रिकामी होती, ती भरायला हवीत. प्रत्येकाने असा एक माणूस आणायचा जो कधीच आलेला नाही. अप्पांनी हळूच आठवण केली, की मार्चमध्ये तू शेवटच्या वर्षात असशील, परीक्षेचं वर्ष. ती म्हणाली, अभ्यास पण करीन आणि येईन पण. अप्पांनी तिच्या वाडग्यात आपल्यातला मासळीचा तुकडा टाकला, म्हणजे त्यांची हरकत नव्हती.

“अज्जोशी, मार्चमध्ये तुम्ही परत चौथऱ्यावर या,” ती म्हणाली. “माझा आवाज अजून नीट पोचत नाही.”

“कसा येणार? कंपनीने अर्ज मागे घेतलाय का?”

याचा विचार कोणी केलाच नव्हता. पुन्हा अर्ज करणार म्हणजे अज्जोशींचा शब्दही पुन्हा उभा.

प्यो अज्जोशींनी वाडगं तोंडाला लावून उरलेलं सूप संपवलं, आणि अप्पांकडे वळून विचारलं, की ट्रकच्या टपाला पकडायला एखादा गज वेल्ड करून मिळेल का, नाहीतर मार्चच्या वाऱ्यात म्हातारे खाली पडतील. अप्पांनी मान डोलावली. दानबी तोवर दुकानाच्या मालकिणीकडे वळली होती. ती बाई जन्मात कधी सामन्याला आली नव्हती.